पाणबुडी बांधणारे विद्यार्थी

१९८९ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, रिव्हिएरा बीचजवळच्या समुद्रात पाणबुड्यांची एक शर्यत झाली. यातल्या एकाही पाणबुडीला इंजिन नव्हते, मोटार नव्हती. आत पाणी भरलेले होते आणि त्या पाण्यात स्कूबाच्या नळकांड्यातली हवा घेत माणसे पायडल मारत होती. एच. ए. पेरी फाउंडेशन आणि फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचा महासागर अभियांत्रिकी विभाग यांनी मिळून ती भरवली होती. अमेरिकेत पदवीच्या पातळीवर महासागर अभियांत्रिकी शिकवायला साठच्या दशकात सर्वांत आधी सुरुवात केली ती याच विद्यापीठाने. आज ही शर्यत ‘इंटरनॅशनल सबमरीन रेसेस’ या नावाने ओळखली जाते. साधारण दर दोन वर्षांनी ती होते आणि वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांचे संघ स्वतः बांधलेल्या पाणबुड्या घेऊन तिथे येतात.

एखाद्या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना अशा उद्योगाला का लावावे, याचे उत्तर महासागर अभियांत्रिकीच्या स्वरूपातच आहे. समुद्रात उभे राहणारे किंवा समुद्रात चालणारे काहीही बांधण्याची ही विद्या आहे. तेलाचे फलाट, बंदरांच्या भिंती, समुद्रतळावरच्या केबली, पाण्याखालचे रोबो, लाटांचा मारा सोसणारे पूल हे सगळे तिच्या कक्षेत येते. वर्गात मात्र तिचे तुकडे करूनच शिकवावे लागतात. द्रवगतिकी एका सत्रात, धातूंचे गंजणे दुसऱ्या सत्रात, ध्वनिशास्त्र आणि नियंत्रण प्रणाली तिसऱ्यात. समुद्र हे तुकडे मानत नाही. पाण्यात उतरलेल्या यंत्राला वजन, दाब, गळती, वीज, दिशा आणि वेग यांचा हिशोब एकाच वेळी द्यावा लागतो. तो हिशोब एकत्र मांडण्याची जागा म्हणजे विद्यार्थ्यांचे संघ. म्हणून मला वाटते की या विषयात संघ हा अभ्यासक्रमाचा गाभाच आहे. त्याला फावल्या वेळचा छंद समजणे चूक ठरेल.

पायडलवर चालणारी पाणबुडी

शर्यतीतली पाणबुडी ‘ओली’ असते. तिच्या कवचात पाणी मुक्तपणे शिरते, त्यामुळे कवचाला दाब सोसावा लागत नाही आणि ते फायबरग्लाससारख्या हलक्या साहित्यातून घडवता येते. दोन माणसांच्या पाणबुडीत एक जण पायडल मारतो आणि दुसरा सुकाणू सांभाळतो. एका माणसाच्या पाणबुडीत ही दोन्ही कामे एकालाच करावी लागतात.

पहिला धडा ताकदीचा. तंदुरुस्त तरुण काही मिनिटे सलग पायडल मारून साधारण २०० ते ३०० वॉट शक्ती देऊ शकतो. इतक्यात घरातले दोन-चार पंखे फिरतील. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी. माणूस काही आठपट ताकदवान होत नाही. मग उरतात ते दोनच मार्ग: कवचाचा आकार असा घडवायचा की पाणी त्याला न अडखळता मागे सरकेल, आणि पंखा असा घडवायचा की पायांची ताकद वाया न जाता रेट्यात उतरेल.

दुसरा धडा नवख्यांना चकवणारा आहे. आत भरलेल्या पाण्याचे पाण्यात वजन जाणवत नाही, त्यामुळे ते जणू नाहीच असे वाटते. पण वस्तुमान कुठे जात नाही. दोघांच्या पाणबुडीत टनभराच्या आसपास पाणी असू शकते आणि पाणबुडीला वेग द्यायचा म्हणजे या सगळ्या पाण्यालाही वेग द्यायचा. शिवाय कवचाभोवतीचे थोडे पाणीही बरोबर ओढले जाते. म्हणून सुरुवातीचे काही मीटर फार जड जातात. अंतर असते १०० मीटरच्या आसपास, तेव्हा आतली रिकामी जागा जितकी कमी तितका फायदा जास्त. पण जागा फार आवळली तर पायडल मारणाऱ्याचे गुडघे हलेनात. आकाराची ही ओढाताण कोणत्याही सूत्रात तयार मिळत नाही. माणसाला प्रत्यक्ष आत झोपवून, मोजमापे घेऊन, कवचाचा साचा पुन्हा पुन्हा बदलूनच ती सुटते.

तिसरा धडा न्यूटनचा. पंखा एका दिशेने फिरला की पाणबुडी उलट दिशेने कलंडू पाहते. काही संघ यावर उपाय म्हणून एकाच अक्षावर विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे बसवतात. काही तळाशी वजन ठेवून गुरुत्वमध्य खाली आणतात. काही तर पंखाच टाकून देतात आणि माशाच्या शेपटीसारखी हलणारी पाती लावतात. अशा पाणबुड्यांसाठी शर्यतीत वेगळा गट असतो.

१९९५पासून ही शर्यत उघड्या समुद्रातून मेरीलँड राज्यातल्या कार्डेरॉक इथे आली. तिथे अमेरिकी नौदलाचा डेव्हिड टेलर मॉडेल बेसिन हा प्रचंड जलाशय आहे. १९३९ साली सुरू झालेला हा जलाशय जवळजवळ एक किलोमीटर लांबीच्या इमारतीत आहे. जहाजांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढत नेऊन तिथे त्यांची चाचणी घेतात. ओढणाऱ्या गाडीचे रूळ पाण्याच्या पातळीला समांतर राहावेत म्हणून ते बसवताना पृथ्वीच्या गोलाईचाही हिशोब केला गेला. एरवी नौदलाची कामे चालणाऱ्या या ठिकाणी शर्यतीच्या दिवसांत विशीतली मुले आपल्या पाणबुड्या पाण्यात सोडतात.

याच जलाशयात २००७ साली माँट्रियलच्या एकोल द तेक्नोलोजी सुपेरियर या संस्थेच्या ‘ओमेर ५’ या पाणबुडीने ८.०३५ नॉटचा वेग गाठला. ताशी १५ किलोमीटरच्या आत-बाहेरचा हा वेग रस्त्यावरच्या सायकलस्वाराला मामुली वाटेल. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते हे ध्यानात घेतले की या आकड्यामागची मेहनत कळते.

सुरक्षेचे नियमही या शिक्षणाचाच भाग आहेत. आत बसणाऱ्याकडे स्कूबाचे प्रमाणपत्र हवे. बाहेर पडायचे झाकण आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडता आले पाहिजे. चालकाच्या हातात एक कळ असते आणि ती दाबलेली असेपर्यंतच सगळे ठीक आहे असे धरतात. हात सुटला की एक तरंगता गोळा आपोआप पृष्ठभागावर येतो आणि वर थांबलेले पाणबुडे लगेच खाली उतरतात. बेशुद्ध माणूस मदत मागू शकत नाही, हे गृहीत धरून ही रचना केलेली असते.

माणसाविना चालणारे यंत्र

दुसरी मोठी स्पर्धा ‘रोबोसब’. १९९८ साली ती सुरू झाली. इथे पाणबुडीत माणूस नसतो आणि बाहेरून तिला कोणी हुकूमही देत नाही. एकदा पाण्यात सोडली की दार ओळखून त्यातून पार जाणे, तळावरच्या खुणांचा माग काढणे, नेमक्या खोक्यात वस्तू टाकणे, लहानसा टॉर्पेडो भोकातून मारणे, ही कामे तिने स्वतःच्या बुद्धीने करायची. अनेक वर्षे ही स्पर्धा सॅन दिएगो इथल्या नौदलाच्या ट्रान्सडेक या जलाशयात होत असे. ध्वनीच्या चाचण्यांसाठी बांधलेला हा जलाशय सुमारे साडेअकरा मीटर खोल आहे आणि त्यात दोन कोटी लिटरहून जास्त पाणी मावते.

पाण्याखाली आपल्या रोजच्या सोयी कशा निकामी होतात, हे इथे विद्यार्थ्यांना उमगते. उपग्रहाकडून येणारी रेडिओलहर पृष्ठभागाखाली थोडेसे अंतर जाऊन विरते, त्यामुळे जीपीएस नाही, वायफाय नाही. मग यंत्राला आपण कुठे आहोत हे कसे कळावे? त्वरण मोजणाऱ्या संवेदकावरून अंदाज बांधता येतो, पण मोजमापातली बारीकशी चूक वेळेबरोबर साचत जाते आणि काही मिनिटांत यंत्र आपली जागा पार चुकते. म्हणून तळाकडे ध्वनिलहरी सोडून, परत आलेल्या लहरींच्या वारंवारतेतल्या बदलावरून वेग मोजणारे उपकरण लावतात. ते महाग असते, काही लाखांच्या घरात जाते. ज्यांना परवडत नाही ते कॅमेऱ्याच्या चित्रांवरून वेग काढण्याची युक्ती लढवतात.

कॅमेऱ्याचेही पाण्यात हाल होतात. लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. हवेत लालभडक दिसणारा फलक काही मीटर खोलीवर काळपट तपकिरी दिसतो. ऊन असेल तर लाटांमुळे तळावर प्रकाशाचे जाळे नाचत असते आणि संगणकाला त्यातच आकार दिसू लागतात. सकाळी बरोबर चाललेला प्रोग्रॅम दुपारी फसतो आणि कारण शोधताना विद्यार्थी प्रकाशशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडतात.

पाण्यात उत्तम चालतो तो आवाज. त्याचा वेग तिथे सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. स्पर्धेत तळाशी एक ध्वनिदर्शक ठेवतात आणि तो ठरावीक वेळाने टिक-टिक करतो. यंत्राने पाण्यातल्या मायक्रोफोनांनी, म्हणजे हायड्रोफोनांनी, त्याची दिशा शोधायची. ध्वनीची वारंवारता ३० किलोहर्ट्झ असेल तर तरंगलांबी येते ५ सेंटिमीटर. दिशेबद्दल गोंधळ होऊ नये म्हणून दोन हायड्रोफोनांमधले अंतर तिच्या निम्म्याहून कमी, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आत ठेवावे लागते. आवाज एका हायड्रोफोनवर आधी आणि दुसऱ्यावर सेकंदाच्या काही लाखांश भागाने उशिरा पोचतो. त्या फरकावरून दिशा निघते. वर्गात फळ्यावर काढलेली साइन लहर अशी एका लहानशा चौकटीत बसवलेल्या चार संवेदकांवर येऊन ठेपते.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीज तोडली की यंत्र आपोआप वर आले पाहिजे. त्यासाठी त्यावरचे प्लावक बल वजनापेक्षा निदान अर्ध्या टक्क्याने जास्त हवे. ४० किलोच्या यंत्राला हा फरक २०० ग्रॅमचा. इतका बारीक तोल साधायला विद्यार्थी फोमचे तुकडे आणि शिशाची वजने लावत तासन् तास तलावाकाठी बसतात. तेच यंत्र गोड्या पाण्यातून समुद्रात नेले तर खाऱ्या पाण्याच्या अडीच टक्के जास्त घनतेमुळे ४० लिटर आकारमानाला जवळजवळ एक किलोचे जादा प्लावक बल मिळते आणि जुळवलेला सगळा तोल बिघडतो. आर्किमिडीजचे तत्त्व आपण सातवी-आठवीत पाठ करतो. त्याची किंमत कळते ती अशा वेळी.

या स्पर्धेत महाराष्ट्राचा ठसा आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा संघ ‘मत्स्य’ नावाच्या स्वयंचलित पाणबुड्या बांधतो. एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या काढत २०१६ साली या संघाने रोबोसबमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. पवईच्या त्या परिसरात महासागर अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग नाही. यांत्रिकी, विद्युत, संगणक अशा शाखांतली मुले एकत्र आली आणि संघातच त्यांनी समुद्राची विद्या उभी केली. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनेही ‘सेव्ह’ नावाची विद्यार्थ्यांच्या स्वयंचलित पाणबुड्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. अशा स्पर्धा नसत्या तर देशातल्या अनेक संघांना पहिली पाणबुडी बांधायला निमित्तच मिळाले नसते.

वाळवंटातला संघ

तिसरी स्पर्धा केबलने जोडलेल्या, माणसाने वरून चालवायच्या यंत्रांची. कॅलिफोर्नियातल्या मेट या केंद्राने २००२ साली ती सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक संघाने स्वतःला एक कंपनी समजायचे. एक जण प्रमुख, एक हिशोबनीस, एक सुरक्षा अधिकारी. यंत्राबरोबर तांत्रिक अहवाल द्यायचा आणि परीक्षकांसमोर उभे राहून आपल्या प्रत्येक निर्णयाचे समर्थन करायचे.

२००४ साली या स्पर्धेच्या वरच्या गटात ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातली कार्ल हेडन ही सरकारी शाळा उतरली. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, भोवती वाळवंट. संघातली चार मुले मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतली होती. त्यांचे यंत्र पीव्हीसी पाइपांचे होते आणि त्यावर सुमारे आठशे डॉलर खर्च झाले होते. समोर एमआयटीचा संघ होता. ऐन वेळी इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीत पाणी शिरते असे दिसले. सगळे उघडून पुन्हा सील करायला सवड नव्हती. मुलांनी दुकानातून पाणी शोषून घेणारे टॅम्पॉन आणले आणि पेटीत भरले. यंत्र चालले. एकूण स्पर्धेत कार्ल हेडन पहिली आली आणि एमआयटी दुसरी. तांत्रिक अहवालाचे बक्षीसही याच शाळेला मिळाले. पुढे या मुलांवर पुस्तक निघाले आणि २०१५ साली ‘स्पेअर पार्ट्स’ हा चित्रपटही आला. पैसा कमी असताना नेमके काय लागते, हे या प्रसंगातून दिसते. अडचणीचे मूळ ओळखणारी नजर लागते, हाताशी असेल त्यातून उपाय काढण्याची तयारी लागते आणि केलेले काम नीट लिहून ठेवण्याची शिस्त लागते.

संघ टिकतो कसा

विद्यार्थी संघाची सर्वांत मोठी अडचण पैशाची नसते, ती वयाची असते. चार वर्षांत प्रत्येक सभासद पदवी घेऊन निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याने चुकांतून कमावलेले ज्ञानही जाते. गळती टाळण्यासाठी ओ-रिंग बसवण्याआधी तिची खाच पुसून स्वच्छ करायची, कारण एक केससुद्धा पाण्याला वाट देतो. डबा पाण्यात सोडण्याआधी आतली हवा थोडी काढून दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का ते पाहायचे, म्हणजे गळती कोरड्या टेबलावरच सापडते. गंज टाळण्यासाठी वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत आणि समुद्रातून आलेले यंत्र आधी गोड्या पाण्याने धुवायचे. या गोष्टी पुस्तकात असतात, पण त्या अंगवळणी पडतात त्या वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्याला शेजारी बसवून दाखवल्यावर. चांगले संघ म्हणून प्रत्येक चाचणीची वही ठेवतात, बिघाड आणि त्याचे कारण त्याच दिवशी लिहितात आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून नेतृत्व वेळेआधीच काढून धाकट्यांकडे सोपवतात.

शर्यती न लढवणारे क्लबही असतात. जहाजबांधणी आणि सागरी अभियंत्यांची ‘स्नेम’ ही संस्था १८९३ साली अमेरिकेत स्थापन झाली, तर मरीन टेक्नॉलॉजी सोसायटी १९६३ साली. दोन्हींच्या विद्यार्थी शाखा विद्यापीठांत चालतात. जहाजगोद्यांना भेटी, कामावरच्या अभियंत्यांची व्याख्याने, परिषदांमध्ये निबंध वाचन असे त्यांचे काम. शर्यतीचा संघ हाताला वळण लावतो आणि अशी शाखा विद्यार्थ्याला त्या व्यवसायातली माणसे दाखवते. दोन्हींची गरज असते.

आपला किनारा

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असे आपण शाळेत शिकलो. त्या किनाऱ्याला पाण्याखालच्या अभियांत्रिकीची गरज रोज पडते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली तेल लागलेल्या मुंबई हायच्या क्षेत्रात फलाटांच्या पायांची तपासणी पाण्याखालीच करावी लागते. इंटरनेटच्या अनेक समुद्री केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. माझगाव डॉकमध्ये नौदलासाठी पाणबुड्या बांधल्या गेल्या. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ ही स्वयंचलित पाणबुडी घडवली. केंद्र सरकारने २०२१ साली ४०७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. तीन माणसांना ६००० मीटर खोलीवर नेणारी ‘मत्स्य ६०००’ त्यातच बांधली जात आहे. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे ६०० पट असतो. हे काम पुढे नेणारी माणसे कुठून तरी तयार व्हावी लागतील.

१९५२पासून जहाजबांधणी शिकवणारे आयआयटी खरगपूर आणि महासागर अभियांत्रिकीचा विभाग असलेले आयआयटी मद्रास आपल्या देशात आहेत. पण सुरुवात तिथेच व्हावी असे नाही. रत्नागिरी आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतने आहेत. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या कितीतरी मुलांनी लहानपणापासून होडीचा पंखा उघडलेला, इंजिन दुरुस्त होताना पाहिलेले असते. भरती-ओहोटी त्यांना पंचांगाशिवाय कळते. हे ज्ञान संघात आणता आले तर ती मोठी शिदोरी ठरेल.

सुरुवात लहान करता येते. एमआयटीच्या सी ग्रँट कार्यक्रमाने २००३ साली शाळकरी मुलांसाठी ‘सीपर्च’ हा उपक्रम सुरू केला. त्यातले यंत्र पीव्हीसी पाइपांच्या चौकटीवर, मेण भरून जलरोधक केलेल्या तीन लहान मोटारींवर आणि वरून जोडलेल्या केबलवर चालते. यातला प्रत्येक भाग तालुक्याच्या गावच्या हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतो. चाचणीसाठी जीवरक्षक असलेला पोहण्याचा तलाव घ्यावा. बारा व्होल्टची बॅटरी काठावर ठेवावी, तिच्या तारेला फ्यूज लावावा आणि घरातली वीज पाण्याजवळही आणू नये. विहिरीत किंवा खाडीत एकट्याने उतरायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांनी मान्य करावा.

प्राध्यापकांना विनंती आहे की प्रकल्पाच्या गुणांत अशा कामाला जागा द्या आणि प्रयोगशाळेची किल्ली संध्याकाळीही मुलांकडे राहू द्या. उद्योगांनी जुने संवेदक, उरलेल्या केबली आणि आपल्या अभियंत्यांचा महिन्यातला एक शनिवार द्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, विभाग सुरू होण्याची वाट पाहू नका. वेगवेगळ्या शाखांतले पाच-सहा जण जमा, पहिला डबा हवाबंद करा आणि पाण्यात सोडा. तो गळेल. का गळला ते लिहून ठेवा आणि दुसरा बांधा.